टाळ्यांखाली दडलेला शब्द

१९८० च्या दशकाच्या अखेरीस लिस्बनला राहणाऱ्या एका आप्तांनी आमच्या फोंड्याच्या घरी एक कॅसेट पाठवली. वेगवेगळ्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेली ब्राझीलची गाणी तिच्यात होती आणि सोबत वहीच्या पानांवर हाताने लिहिलेले त्या गाण्यांचे शब्द होते. आजोबा पणजीच्या लिसेंव या पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यामुळे पोर्तुगीज त्यांना मराठीइतकीच सहज येत असे. परंतु १९६१ नंतर ती बोलायला घरात कोणी उरले नव्हते, म्हणून त्यांनी ती मला शिकवली. त्या दुपारी सोप्यावर बसून मी पाने वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. एका गाण्यात येशूची प्रार्थना होती : हे पित्या, हा पेला माझ्यापासून दूर कर. पेला म्हणजे चर्चच्या वेदीवरचा द्राक्षासवाचा चषक, पोर्तुगीजमध्ये ‘कालिसी’. मी म्हणाले, हे भजन दिसते. आजोबांनी डोळे न उघडता कोकणीत विचारले, “तूं वाचता काय आयकता?”

मी कागद खाली ठेवला, टेप मागे नेली आणि पुन्हा ऐकले. तेव्हा कळले की गायक पुनःपुन्हा ज्या शब्दावर येऊन आदळत होता तो कागदावर ‘पेला’ होता आणि कानाला ‘गप्प बस’ होता. ब्राझीलच्या उच्चारात ही दोन्ही रूपे एकसारखीच ऐकू येतात. लिहिताना एकच निवडावे लागते, ऐकताना दोन्ही मिळतात. त्या एका प्रश्नाने मला शिकु बुआर्की या गीतकार-गायकापर्यंत नेले आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत मी त्याच्यापासून फार दूर कधी गेले नाही. ब्राझीलमध्ये सगळे त्याला नुसते ‘शिकु’ म्हणतात. मीही एकेरीच लिहिते आहे.

फ्रान्सिस्कु बुआर्की दि ओलांदा याचा जन्म १९ जून १९४४ रोजी रिओ दि जानेरो येथे झाला. वडील सेर्जिओ हे ब्राझीलचे थोर इतिहासकार होते आणि घर पुस्तकांनी व गाण्यांनी भरलेले होते. साओ पाउलोत वास्तुशास्त्राचे शिक्षण त्याने सुरू केले आणि अर्ध्यावर सोडले. १९६४ च्या मार्चअखेर सैन्याने जुआँव गुलार यांचे सरकार उलथवले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मार्च १९८५ मध्ये सैन्य सत्तेवरून उतरले तेव्हा चाळीस वर्षांचा. कलावंताच्या हातून सर्वाधिक काम होण्याची ही एकवीस वर्षे. त्याच्या वाट्याला ती अशी आली.

सुरुवात मात्र निरभ्र होती. १९६६ मध्ये दूरचित्रवाणीच्या गीतमहोत्सवात त्याच्या ‘आ बांदा’ या गाण्याला पहिला पुरस्कार विभागून मिळाला आणि तो घराघरांतला लाडका मुलगा झाला. गल्लीतून वाद्यवृंद जातो, तेवढ्या वेळापुरते सगळे आपले दुःख विसरतात आणि तो गेल्यावर ज्याचे त्याचे दुःख ज्याच्या त्याच्याकडे परत येते, एवढीच त्या गाण्याची गोष्ट आहे. त्यात कोणाला धोका दिसला नाही. दोन वर्षांनी त्याने लिहिलेले ‘रोदा व्हिवा’ हे नाटक साओ पाउलोत चालू असताना कम्युनिस्टांची शिकार करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या एका टोळीने रंगमंदिरात घुसून नटनट्यांना मारहाण केली. ते साल १९६८ होते. त्याच वर्षी १३ डिसेंबरला ‘संस्थात्मक कायदा क्रमांक ५’ जाहीर झाला, संसद बंद झाली आणि राजकीय आरोपाखाली अटक झालेल्या माणसाला न्यायालयात दाद मागण्याचा हक्क उरला नाही. शिकुला चौकशीसाठी नेण्यात आले. जानेवारी १९६९ मध्ये तो युरोपात गेला आणि मार्च १९७० पर्यंत रोममध्ये राहिला; त्याची थोरली मुलगी तिथेच जन्मली.

तो परतला तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी जनरल मेदिसी होते. ‘प्रेम करा नाहीतर देश सोडा’ अशा अर्थाच्या चिकटपट्ट्या मोटारींच्या काचांवर लागल्या होत्या, त्याच जूनमध्ये मेक्सिकोत ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला आणि तुरुंगांतून माणसे नाहीशी होत होती. गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर त्याचे शब्द आधी टंकलिखित करून केंद्रीय पोलिसांच्या अभ्यवेक्षण विभागाकडे पाठवावे लागत. तिथला अधिकारी कागद वाचे, रेघा मारी आणि ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असा शिक्का उमटवी. मला या व्यवस्थेतला कागद महत्त्वाचा वाटतो. गाणे हे आवाजाचे, श्वासाचे, विरामाचे आणि जमावाने एकत्र म्हणण्याचे प्रकरण आहे. परंतु ते तपासणाऱ्याच्या हाती केवळ त्याची लिपी पडत असे.

‘आपेझार दि व्होसे’ हे गाणे त्याने १९७० मध्ये पाठवले ते नाकारले जाईल असे धरूनच. ते मंजूर होऊन आले. शीर्षकाचा अर्थ ‘तू असूनही’ असा आहे आणि वरवर पाहता ते दुखावलेल्या प्रियकराचे बोलणे आहे : आज तुझा हुकूम चालतो, तू म्हणशील ते खरे, पण उद्या दिवस उजाडेल आणि तो तुला थांबवता येणार नाही. ‘व्होसे’ या सर्वनामाला पोर्तुगीजमध्ये लिंग नाही. मी हे गाणे मराठीत आणण्याचा प्रयत्न अनेकदा केला आणि दरवेळी पहिल्याच क्रियापदापाशी अडले, कारण ‘तू विसरलास’ की ‘तू विसरलीस’, हे मराठीला ठरवावेच लागते. आपले क्रियापद समोरच्याचे लिंग उघड करते. पोर्तुगीजने ते झाकून ठेवले आणि त्या झाकणाखाली एक सेनापती बसू शकला. शिवाय गाण्यात ‘तूच हा इस्तादु निर्माण केलास’ अशा अर्थाची ओळ आहे, आणि ‘इस्तादु’ म्हणजे अवस्था आणि राज्यसंस्थासुद्धा.

तबकडीच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. मग एका वृत्तपत्राने हे गाणे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून असल्याची कुजबुज छापली आणि अधिकाऱ्यांचे डोळे उघडले. गाण्यावर बंदी आली, फिलिप्स कंपनीच्या कारखान्यात शिरून उरलेल्या प्रती नष्ट करण्यात आल्या. हा ‘तू’ कोण, असे शिकुला विचारण्यात आले तेव्हा त्याने ती एक फार हुकूमत गाजवणारी बाई आहे असे उत्तर दिले. प्रती फोडणाऱ्यांच्या हातून मूळ साचा मात्र सुटला होता.

पुढच्या वर्षी ‘कोंस्त्रुसाँव’, म्हणजे ‘बांधकाम’ आले. माझ्या मते शिकुच्या सगळ्या कामात याच्या तोडीचे दुसरे काही नाही. एक मजूर सकाळी बायकोचा निरोप घेतो, मुलांना जवळ घेतो, इमारतीवर चढतो, विटेवर वीट ठेवतो, जेवतो, पितो, नाचतो, तोल जाऊन पडतो आणि रस्त्याच्या उलट्या बाजूला मरतो, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना अडथळा करत. गोष्ट इथे संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ओळी त्याच असतात, फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटचा शब्द उचलून दुसऱ्या ओळीच्या शेवटी बसवलेला असतो. दुसऱ्यांदा तो लोकांना अडथळा करत मरतो आणि तिसऱ्यांदा शनिवारला. पोर्तुगीजमध्ये बहुतेक शब्दांचा आघात उपांत्य अक्षरावर पडतो. या गाण्यात मात्र ओळीचा शेवट सतत अशा शब्दाने होतो ज्याचा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ शेवटाला पायरी चुकल्यासारखी खाली घसरते. पडणाऱ्या माणसाचे गाणे पडणाऱ्या शब्दांनी बांधले आहे. रोझेरियु दुप्रा यांची वाद्यरचना हळूहळू चढत जाते, पितळी वाद्ये वाहनांच्या भोंग्यांसारखी अंगावर येतात आणि श्वास घ्यायला जागा उरत नाही. अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती, तिला ‘ब्राझीलचा चमत्कार’ म्हणत असत आणि सर्वत्र पूल, रस्ते, मनोरे उभे राहत होते. त्यांत काम करणाऱ्याच्या मृत्यूची दखल केवळ वाहतूक खोळंबली म्हणून घेतली जाते, हे सांगायला शिकुला सरकारचे नावही घ्यावे लागले नाही.

त्याच ध्वनिमुद्रिकेच्या सुरुवातीला ‘देउस ली पागी’ आहे. देव तुम्हाला याची भरपाई करो, असे गरीब माणूस दान घेताना म्हणतो; आमच्याकडे गोव्यात आभार मानायला ‘देव बरें करूं’ म्हणतात, तसेच ते आहे. यातले ‘पागी’ ज्या ‘पागार’ या क्रियापदाचे रूप आहे, तेच आपल्या मराठीत ‘पगार’ होऊन राहिले. खायला भाकरी दिलीत, झोपायला जमीन दिलीत, जन्माचा दाखला दिलात, हसण्याची परवानगी दिलीत, श्वास घेऊ दिलात, देव तुम्हाला त्याचा पगार देवो, असे ते गाणे म्हणत जाते आणि प्रत्येक आभारागणिक शाप होत जाते.

आता ‘कालिसी’कडे येते. १९७३ च्या गुड फ्रायडेला गायक-गीतकार जिलबेर्तु जिल याला त्या प्रार्थनेचे पालुपद सुचले, ते घेऊन तो शिकुच्या घरी गेला, दोघांनी मिळून ते पूर्ण केले आणि मे महिन्यात साओ पाउलोतल्या अन्येंबी सभागृहात, त्यांच्याच ध्वनिमुद्रण कंपनीने भरवलेल्या महोत्सवात, ते गायचे ठरले. शब्दांना मंजुरी मिळाली नाही. तेव्हा दोघांनी शब्दांशिवाय गायचे ठरवले : चाल गुणगुणायची, निरर्थक अक्षरे म्हणायची आणि मधूनमधून केवळ तो एक शब्द. ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला. शिकु दुसऱ्या ध्वनिक्षेपकाकडे गेला, तोही बंद झाला. त्या प्रसंगाचे चित्रण उपलब्ध आहे आणि ते पाहताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण ‘गप्प बस’ असे म्हणणाऱ्या गाण्याला त्या क्षणी शब्दशः गप्प बसवले जात होते. तारा खेचणारे हात पोलिसांचे नव्हते, कंपनीच्या माणसांचे होते. भीती अशी घरातल्या घरात काम करते.

त्याच वर्षी मोझांबिकमध्ये जन्मलेला दिग्दर्शक रुय गेर्रा याच्यासह लिहिलेले ‘कालाबार’ हे नाटक उभे राहिले. सतराव्या शतकात पोर्तुगीजांना सोडून डचांना मिळालेल्या आणि त्यासाठी देहान्त शिक्षा भोगलेल्या माणसाकडे देशद्रोही म्हणून पाहावे का, असा त्याचा प्रश्न. तालमी झाल्या, पैसे खर्च झाले आणि नाटक बंद पडले. बंदीची बातमी छापायलाही बंदी होती. गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा नायकाचे नाव मुखपृष्ठावर चालणार नव्हते, म्हणून नाव गाळून कोरे पांढरे वेष्टन छापले गेले.

पुढे त्याचे स्वतःचे नावच अडथळा झाले. कागदावर ‘शिकु बुआर्की’ असले की शब्द कोणतेही असोत, शिक्का ठरलेला असे. १९७४ मध्ये त्याने ध्वनिमुद्रिका काढली ती जवळजवळ पूर्णपणे इतरांच्या गाण्यांची. तिच्यात ‘जुलिन्यु दा आदेलाइदी’ नावाच्या एका अज्ञात गीतकाराचे एक गाणे होते. मध्यरात्री दारावर माणसे येतात, नवरा घाबरून बायकोला उठवतो आणि म्हणतो, चोराला बोलाव. दाराशी कोण आले आहे हे गाण्यात सांगावे लागत नाही. हा जुलिन्यु म्हणजे शिकुच होता. त्याला आई होती, वस्ती होती, भूतकाळ होता आणि त्याची मुलाखतही वृत्तपत्रात आली होती. १९७५ मध्ये हे उघड झाल्यावर गाण्यासोबत गीतकाराच्या ओळखपत्राची प्रत जोडण्याची सक्ती झाली.

वृत्तपत्रांचेही तेच चालले होते. साओ पाउलोच्या एका मोठ्या दैनिकाने छाटलेल्या बातम्यांच्या जागी पोर्तुगीज कवी कामोंइश याच्या महाकाव्यातल्या ओळी छापायला सुरुवात केली. त्याच घराण्याचे दुसरे पत्र पाककृती छापत असे. ज्या कवीने सोळाव्या शतकात आमच्या गोव्यात दिवस काढले, त्याच्या ओळींनी चारशे वर्षांनी ब्राझीलच्या छापील पानावरची भोके बुजवली. हे मी आजोबांना सांगितले तेव्हा त्यांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतल्या गोव्याची आठवण काढली. तेव्हा लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी मंजुरीसाठी द्यावी लागत असे.

या सगळ्या युक्त्या सांगितल्या की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, दडपशाही होती म्हणूनच अशी गाणी झाली. मला हे वाक्य सहन होत नाही. ज्या माणसाने ‘कोंस्त्रुसाँव’ची वीण रचली, त्याला कल्पकतेसाठी पोलिसांची गरज नव्हती. युक्तीची वाहवा करताना आपण हिशेबाचा दुसरा रकाना पाहत नाही. त्या काळात शिकुने सांगितले होते की तीन गाणी केली की दोन अडतात आणि अडून अडून माणूस आपणच आपले शब्द छाटू लागतो. छाटलेले शब्दही किती साधे होते. एका गाण्यातले ‘मी ब्राझिलियन म्हणून जन्मलो’ हे बदलून ‘ढोलवाला म्हणून जन्मलो’ करावे लागले, कारण आधी गरिबीचा उल्लेख होता. दुसऱ्या एका विरहगीतात प्रियकराच्या अंगावरच्या लवेचे छातीत रूपांतर झाले. यातून कोणती कला जन्मली? आणि लिहिण्यापूर्वीच मनात विझलेल्या गाण्यांची नोंद तर कोणत्याच दप्तरात नाही. श्रोत्यांचीही सवय बिघडली. साध्या प्रेमगीतातही लोक गुप्त निरोप शोधू लागले आणि साधे प्रेमगीत लिहिण्याचे त्याचे स्वातंत्र्य तेवढ्याने आकसले.

जिथे युक्तीला जागाच नव्हती असेही एक गाणे आहे. फॅशन डिझायनर झुझु आंजेल हिचा मुलगा स्टुअर्ट याला १९७१ मध्ये सैनिकी तळावर छळ करून मारण्यात आले आणि त्याचे प्रेत तिला कधीच मिळाले नाही. ती वर्षानुवर्षे दारे ठोठावत राहिली. माझा मृत्यू झाला तर तो अपघात समजू नका, अशा आशयाचे पत्र तिने शिकुसह काही मित्रांपाशी ठेवले होते. एप्रिल १९७६ मध्ये रिओत तिची मोटार रस्त्यावरून फेकली गेली. शासनाची जबाबदारी मान्य व्हायला १९९८ उजाडले. शिकुने तिच्यासाठी ‘आंजेलिका’ हे गाणे लिहिले, ज्यात एक बाई समुद्राच्या काळोखात निजलेल्या मुलाला जोजवू पाहते. २०१४ च्या सत्यशोधन आयोगाने मृत आणि बेपत्ता मिळून ४३४ जणांची नोंद केली. त्यांतल्या एकासाठीचे हे अंगाईगीत आहे.

२५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली तेव्हा शिकुने ‘तांतु मार’ लिहिले : तिकडे उत्सव चालू आहे, मध्ये एवढा समुद्र आहे, तिकडचा थोडा रोझमेरीचा वास तरी पाठवा. ब्राझीलमध्ये त्याचे शब्द अडवले गेले आणि ते केवळ वाद्यांवर वाजले. शब्दांसह ते पोर्तुगालमध्ये निघाले. त्याच क्रांतीमुळे १९७४ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले, म्हणून आजोबांना हे गाणे आपलेही वाटत असे. १९७८ मध्ये, पकड सैल होऊ लागल्यावर, ते ब्राझीलमध्ये आले तेव्हा त्याने क्रियापदे भूतकाळात नेली होती : उत्सव छान झाला. परवानगी मिळेपर्यंत गाण्यातला वर्तमान सरून गेला होता. त्याच ध्वनिमुद्रिकेवर ‘कालिसी’ही अखेर आले, मिल्टन नासिमेंतुच्या आवाजासह, आणि आठ वर्षांपूर्वीचे ‘आपेझार दि व्होसे’सुद्धा.

एक गोष्ट मला लिहिताना जड जाते, पण ती टाळणे योग्य होणार नाही. २०१३ मध्ये ब्राझीलच्या काही ज्येष्ठ गायकांनी चरित्रलेखनासाठी पूर्वपरवानगीची अट राहावी अशी बाजू घेतली आणि त्यांत शिकु होता, जिलही होता. खाजगी आयुष्याचे रक्षण हा त्यांचा मुद्दा मला समजतो. तरीही ज्याने इतकी वर्षे आपले कागद शिक्क्यासाठी पाठवले, त्याने दुसऱ्याच्या कागदावर शिक्का मागावा याने मी दुखावले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती अट काढून टाकली आणि ते बरे झाले.

२०१९ मध्ये त्याला पोर्तुगीज साहित्याचा सर्वोच्च सन्मान, कामोंइश पुरस्कार, जाहीर झाला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी मानपत्रावर सही केली नाही. एप्रिल २०२३ मध्ये, पोर्तुगालच्या क्रांतिदिनाच्या आदल्या दिवशी, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीने ते त्याच्या हाती आले. आजोबा तोवर नव्हते. मी बातमी वाचली आणि ती जुनी कॅसेट शोधून काढली. ती आता वाजत नाही, पण वहीची पाने शाबूत आहेत.

त्या पानांत ‘बार्बारा’ हे गाणे आहे. ‘कालाबार’मधल्या दोन स्त्रियांचे ते प्रेमगीत. नोव्हेंबर १९७२ मध्ये साल्वादोर इथे शिकु आणि काएतानु वेलोझु यांनी एकत्र कार्यक्रम केला, त्याच्या तबकडीवर हे गाणे आहे आणि त्यातला एक शब्द ऐकू येऊ नये म्हणून नेमका त्या जागी टाळ्यांचा कडकडाट वाढवलेला आहे. आम्ही पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले की लोकांना तिथे काहीतरी फार आवडले असावे. लिस्बनच्या आप्तांनाही शब्द ऐकू आला नव्हता. त्यांनी कागदावर तेवढी जागा मोकळी सोडली होती. आजोबांनी टेप तीनदा मागे नेली. मग त्यांनी आधीच्या ओळीच्या शेवटचा शब्द हळूच म्हटला, ‘क्रुआश’, बोटाने मात्रा मोजल्या, यमक जुळवले आणि खिशातली पेन्सिल काढून त्या मोकळ्या जागेत लिहिले : ‘दुआश’. खाली माझ्यासाठी मराठीत : ‘दोघी’.